नवा स्पीकर रुळतो म्हणजे काय?

मंडळी, नवे स्पीकर घेताना विक्रेता हमखास सांगतो, '100 तास वाजू द्या, मग आवाज मोकळा होईल.' या सांगण्यात तथ्य आहे, पण ते थोडे आहे, आणि नेमके किती हे समजण्यासाठी स्पीकरच्या पोटात डोकवावे लागेल.

1925 साली राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरची जी रचना मांडली, तीच थोड्याफार फरकाने आजही आपल्या घरांत आहे. समोर दिसणारा, मागेपुढे हलून आवाज काढणारा पडदा म्हणजे शंकू. त्याच्या मागे तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि चुंबकाच्या अरुंद फटीत त्याला मधोमध तोलून धरते ती स्पायडर नावाची, राळेत भिजवून साच्यात दाबलेली नागमोडी कापडी चकती. नवी असताना ती ताठ असते. शंकू जोराने मागेपुढे झाला की राळेची पकड सैल होते आणि शंकूची स्वतःची कंपनसंख्या काही हर्ट्झने उतरते. आपल्याकडचा पखवाजवादक डाव्या तोंडाला कणीक लावून स्वर उतरवतो. तिथे वजन वाढते, इथे ताठरपणा घटतो, नियम मात्र एकच.

हा बदल मुख्यतः पहिल्या काही मिनिटांत, फार तर काही तासांत होऊन जातो. शिवाय बंद पेटीत कोंडलेली हवा स्वतःच स्प्रिंगसारखी वागते आणि पुष्कळदा स्पायडरपेक्षा ताठ असते, त्यामुळे स्पायडर सैल झाली तरी कानाला फारसे काही जाणवत नाही. मी एकदा जोडीतला एकच स्पीकर आठवडाभर वाजवला आणि दुसरा खोक्यातच ठेवला. नंतर दोन्ही शेजारी मांडून, डोळे मिटून, तेच भजन आळीपाळीने ऐकले, तेव्हा वाजवलेला कोणता हे मला सांगता आले नाही. त्या आठवड्यात रुळला होता तो माझा कान. म्हणून न आवडलेला स्पीकर '100 तासांनी सुधारेल' या आशेवर ठेवून घेऊ नका. माझी परत करण्याची मुदत एकदा अशीच टळून गेली.

पहिले काही तास मध्यम आवाजात, तबला-पखवाजाचा भरपूर खर्ज असलेले संगीत लावावे, एवढे पुरे. त्याहून मोठा फरक जागेने पडतो. जांभ्याच्या भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवलेला स्पीकर खर्ज फुगवतो. तो दीड-दोन फूट पुढे ओढून पाहावा.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेचा विचार आधी करावा. शंकूच्या कडेचा फोम दमट हवेत कालांतराने भुगा होतो, रबर पुष्कळ टिकते, म्हणून खरेदीच्या वेळीच ती कड बोटाने चाचपून पाहावी. मालगुंडच्या आमच्या घरी एका पावसाळ्यानंतर डावा स्पीकर तुटक वाजू लागला. मागे पाहिले तर तारेचे टोक हिरवे पडले होते. तेवढा तुकडा कापून, आतले लखलखीत तांबे उघडे करून ते पुन्हा घट्ट आवळले, आणि आवाज त्याच क्षणी पूर्ववत झाला.