कुकरची शिट्टी फोनला कोण शिकवणार?

नमस्कार. इंटरप्रिटर ताई सगळ्यांना दिसतायत ना? नसतील तर पुढे येऊन बसा, मी थांबते.

माझे आई-बाबा दोघंही कर्णबधिर. मला आणि भावाला ऐकू येतं, म्हणजे घरातली बेल आम्हीच. दार वाजलं की पळत जायचं, आईच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दाराकडे खूण करायची. आम्ही शाळेत असलो की गॅसवाला दार वाजवून वाजवून सिलेंडर परत घेऊन जायचा, मग दोन दिवस स्टोव्हवर स्वयंपाक. शेवटी बाबांनी बेलच्या वायरला एक बल्ब जोडून घेतला, स्वयंपाकघरात. बेल दाबली की बल्ब लागायचा. पण आई गॅलरीत कपडे वाळत घालत असली तर तिला कुठला बल्ब दिसणार, आणि बेल न दाबता नुसती कडी वाजवली तर बल्ब लागायचाच नाही, कारण त्याला फक्त बेलची वायर माहिती.

आणि कुकर. आई शिट्ट्या डोळ्यांनी मोजायची. शिट्टी वर उचलली जाते, वाफ उडते, की ओट्यावरचा एक शेंगदाणा इकडून तिकडे. चार शेंगदाणे झाले की गॅस बंद. म्हणजे कुकर होईपर्यंत तिला ओट्यापासून हलता यायचं नाही, आणि हे रोज, इतकी वर्षं. आपण दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत शिट्ट्या मोजतो तेव्हा हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता मोबाइलचं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने आयफोनमध्ये आवाज ओळखायची सोय दिली, पुढच्याच महिन्यात गूगलने अँड्रॉइडवर. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करायची. मग बाळ रडलं, कुत्रा भुंकला, दार वाजलं, नळ वाहतोय, असं काही ऐकलं की फोन थरथरतो आणि स्क्रीनवर लिहून येतं. घड्याळ जोडलेलं असेल तर मनगटावर कळतं. बल्बसारखी वायर लागत नाही, माइक हवेतूनच ऐकतो. बरेच जण मला विचारतात की मग आपलं घरातलं बोलणं बाहेर जातं का, तर या दोन्हीत आवाज ओळखायचं काम फोनमध्येच होतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचं एक चित्र बनवतात, कुठला सूर किती जोरात आहे याचं. कुकरच्या शिट्टीचं चित्र वेगळं, मिक्सरचं वेगळं. हजारो चित्रं दाखवून दाखवून मशीनला शिकवलेलं असतं की हे म्हणजे भुंकणं, हे म्हणजे रडणं. गूगलने २०१७ मध्ये अशा शिकवण्यासाठी ऑडिओसेट नावाचा साठा खुला केला, यूट्यूबवरचे दहा-दहा सेकंदांचे २० लाखांवर तुकडे, माणसांनी ऐकून नावं दिलेले.

गोची इथे आहे. जे शिकवलं तेच मशीनला येणार. या फोनच्या याद्या बघा, त्यात स्मोक अलार्म, म्हणजे धूर झाला की वाजणारा भोंगा, ठळकपणे असतो, कारण अमेरिकेत तो घराघरात असतो. आपल्या किती घरांत आहे? आणि कुकर, जो आपल्याकडे रोज बोंबलतो, तो त्या यादीत नाही. आईच्या फोनवर आम्ही बघितलं, शिट्टी झाली की कधी अलार्म म्हणून यायचं, कधी काहीच नाही. दारावरच्या कडीचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक नोंदले गेलेत, त्यांच्या घरातले आवाज कोणीतरी मशीनला शिकवायला नकोत का?

२०२२ पासून आयफोनला आपल्या घरच्या बेलचा किंवा घरातल्या एखाद्या यंत्राचा आवाज स्वतः शिकवता येतो. आवाज ऐकवायचा, नाव द्यायचं, झालं. पण जरा विचार करा, आई एकटी बसून शिट्टी रेकॉर्ड करतीये आणि त्याच वेळी शेजारी मिक्सर लागला, तर तिला कळणार कसं? पहिल्यांदा नेमकं हेच झालं, दुसऱ्यांदा मी शेजारी बसले. म्हणजे ऐकणारं माणूस परत लागलंच, आणि मला हे मनापासून खटकतं. रेकॉर्ड करताना आवाजाची रेघ मोठी स्क्रीनवर दिसली, त्यात दुसरं काही मिसळलंय असं दिसलं, तर आई स्वतः ठरवेल. आवाज असा डोळ्यांना दाखवण्यावर काम झालेलं आहे. ध्रुव जैन म्हणून संशोधक आहेत, त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात असताना सहकाऱ्यांबरोबर कर्णबधिरांच्या घरात खोल्याखोल्यांत स्क्रीन लावून बघितलं, घरात कुठे किती आवाज होतोय ते दाखवणारे, आणि पुढच्या फेरीत घड्याळही दिलं. तीन-तीन आठवडे लोकांनी ते वापरलं. ज्याला गरज आहे तोच बनवायला बसला की प्रश्नच वेगळे पडतात, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आणि एक, कृपा करून फोनवर सगळा भार टाकू नका. अ‍ॅपल स्वतः सांगतं की जीव धोक्यात येईल अशा वेळी यावर विसंबू नका. आणि गॅस गळला तर त्याचा वास येतो, फोनला त्यातलं काही कळणार नाही.

मी आईला विचारलं होतं, तुला कुठला आवाज सगळ्यात आधी हवा? मला वाटलं बेल म्हणेल. ती म्हणाली, पहाटे नळाला पाणी आल्याचा. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, वेळेचा नेम नाही, आणि ती वर्षानुवर्षं दर अर्ध्या तासाने उठून नळ बघायची. आता घड्याळ थरथरतं, मग ती उठते, पिंप लावते आणि शेजारच्या काकूंची कडी वाजवून त्यांनाही उठवते.

कुकर आणलाय, मागच्या टेबलावर आहे, शेंगदाणेही आहेत. ज्यांच्या फोनमध्ये शिकवायची सोय आहे त्यांनी फोन घेऊन तिकडे या, शेगडी आई पेटवतीये. पहिली शिट्टी होईपर्यंत सगळ्यांनी जरा शांत राहूया.