ओंडका जागेवर राहू द्या, करवत तिथं न्या

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात, शाहू स्मारकच्या सभागृहात लाकडावर बोलायचं आणि समोर सुतार, शेतकरी आणि उद्यमनगरातले फिटर एकत्र बसलेत, असा योग वारंवार येत नाही. पत्रिकेत विषय छापलाय ‘फिरत्या स्विंग ब्लेड सॉ मिलची जुळणी’, म्हणजे ओंडक्याजवळ नेऊन मांडायच्या करवतीची. तिथं येतोच. पण हे यंत्र कशाला हवं हे आधी पटलं पाहिजे, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

आजरा, चंदगड, भुदरगड, गगनबावडा या पट्ट्यात बांधावर फणस, आंबा, जांभूळ केवढाले वाढतात ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात त्यातलं एखादं आडवं होतं. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. ट्रक बांधापर्यंत जात नाही, क्रेनचं तर नावच नको. व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि टनावर भाव सांगतो. जळणाचा भाव! चेनसॉनं दीड-दोन फुटांचे तुकडे पडतात आणि फणस वीटभट्टीत जातो. ज्या फणसाच्या लाकडाची दक्षिणेत वीणा होते, मृदंग होतो, तो फणस. जांभळाचंही तेच. पाण्यात टिकतं म्हणून आपल्याकडं पूर्वी विहिरीच्या तळाला जांभूळ घालायचे. आमची वखार आहे, मी लहानपणापासून लाकडात आहे, आणि ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. शेतकऱ्यानं दोन पिढ्या ते झाड राखलेलं असतं. त्याचा पोरगा पुढच्या वर्षी घराच्या दारं-खिडक्यांना बाजारातून घनफुटाच्या भावानं लाकूड विकत आणतो.

ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये हीच अडचण होती, रस्ता नाही तिथलं लाकूड कसं काढायचं? त्यातून लुकास, पीटरसन ही स्विंग ब्लेडची यंत्रं पुढं आली आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरही गेली. रचना सोपी आहे. सगळे भाग सुटे, माणसांनी उचलून न्यायचे. ओंडका पडलाय तिथंच त्याच्या दोन्ही अंगांना रूळ मांडायचे. रुळांवर गाडा, गाड्यावर इंजिन आणि एकच गोल पातं. जाताना आडवी चीर मारायची, पातं नव्वद अंशांत फिरवायचं आणि येताना उभी चीर. गाडा परत आला की फळी सुटलेली असते. आठ इंच खोल कापणारं पातं असलं, तर दोन्ही बाजूंनी कापून सोळा इंच रुंदीची फळी काढता येते. ओंडका फिरवायचा नाही, उचलायचा नाही.

टिंबर मार्केटमधले माझे मित्र म्हणतात, तुझ्या पात्याची चीर पाच-सहा मिलिमीटरची, आमच्या पट्टा करवतीची (बँड सॉची) त्याच्या निम्मीसुद्धा नाही, भुसा किती घालवतोस! भुसा जास्त पडतो, मान्य. पण ज्या लाकडाची राख होणार होती, त्याच्या भुशाचा हिशोब कुणाला द्यायचा? (हशा)

आता खिळ्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आपल्याकडं रस्त्याकडेचं झाड मोकळं दिसलं की माणसाला खिळा सुचतो. क्लासची पाटी, खोली भाड्यानं देण्याची पाटी, निवडणूक आली की आणखी एक. पाटी गळून पडते, खिळा राहतो, झाड त्याच्यावर साल चढवतं आणि वीस वर्षांनी तो सहा इंच आत गेलेला असतो. हातात धरायचा मेटल डिटेक्टर वरवरचं सांगतो, इतकं आतलं नाही. अशाच एका रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यात आमचं पातं गेलं. खण्ण असा आवाज आला आणि कार्बाइडची एक टिप, म्हणजे दाताच्या टोकाचा कठीण तुकडा, उडाली. पात्याला दातच मोजके पाच, त्यातला एक गेला की काम थांबलं. नवी टिप आमच्याकडं होती, पण ती पात्याला जोडणार कोण?

ती जोडली हुपरीच्या एका चांदी कारागिरानं. त्यांनी आधी पातं उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, “ह्याला डाग चांदीचाच देतात न्हवं?” अगदी बरोबर! टंगस्टन कार्बाइडची टिप पोलादाला चांदीच्या मिश्रधातूनंच जोडतात, जोडणाऱ्या त्या धातूलाच डाग म्हणायचं. जुन्या डागाचा मळ घासून खाच चकचकीत केली, टाकणखार लावला, डागाची पातळ पट्टी मध्ये ठेवली आणि ज्योत टिपेवर न धरता मागच्या पोलादावर धरली. डाग पाण्यासारखा धावला, तशी त्यांनी चिमट्यानं टिप जराशी दाबून सरळ केली. आमचा पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला. कारागीर म्हणाले, “हात लावू नगा, आपलं आपण गार हुंद्या.” कार्बाइडवर त्यांनी आयुष्यात कधी काम केलेलं नव्हतं, पण धातू ओळखत होते. गरम झाल्यावर पोलाद जेवढं फुगतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास कार्बाइड फुगतं. एकदम पाण्यात घातलं की टिपेला तडा जातो. त्यांनी जोडलेला तो दात आजही कापतोय. घरी करणाऱ्यांना एवढंच सांगतो, डाग कॅडमियम नसलेला घ्या, कारण कॅडमियमचा धूर विषारी असतो. आणि ज्या गावाच्या उद्यमनगरानं ऑइल इंजिनं घडवली, शेजारी हुपरीची चांदी, त्या कोल्हापुरात हे यंत्र सांभाळायला माणूस मिळत नाही असं कुणी म्हणू नये.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. पत्रिकेतला विषय आता घाईनंच घेतो, लिहून घ्या.

आधी रूळ. पाणसळीवर भागवू नका, लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून चारी कोपरे एका पातळीत आणा, नाहीतर फळीला पीळ येतो. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर गाडा तिरका चालतो आणि गाड्याबरोबर पातंही.

मग पातं. कापायचं काम पुढच्या दातांचं. मागची कड ओंडक्यापासून केसभर दूर हवी, मिलिमीटरच्याही आत. ही जुळणी बसली का, ते लाकूडच सांगतं. एक काप मारा आणि कापलेल्या अंगावर बॅटरी तिरपी धरा. दातांचे कमानदार ओरखडे एकाच दिशेचे दिसले तर ठीक. एकमेकांना छेदणारे दिसले, तर मागचे दात घासताहेत. असं पातं तापतं, कड फुगते आणि चीर नागमोडी जाते.

पातं उभं केल्यावर स्टॉपर असा बसवा, की फळीच्या कोपऱ्याला गुण्या लावल्यावर उजेड दिसू नये. आडवी आणि उभी चीर कोपऱ्यात नेमकी भेटली पाहिजे. उभी जास्त खोल गेली तर पुढच्या फळीवर चरा राहतो, कमी गेली तर फळी ओंडक्याला चिकटून राहते, सुटत नाही. तिथं सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, हिशोब चालत नाही, अर्ध्या सुताचाही नाही.

भुशाकडं लक्ष ठेवा. जाड चुरा पडतोय तोवर दात धारदार आहेत. पीठ पडायला लागलं की धार लावायचं डायमंड व्हील हातात घ्या, पातं न उतरवता जागेवरच प्रत्येक टिपेला सारखाच हात द्या. पात्यावर पाण्याची धार चालू हवी. पात्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.

निलगिरीसारख्या लाकडात ताण असतो. एकाच अंगानं कापत गेलात तर फळ्या धनुकली होतात आणि खालचा ओंडकासुद्धा मध्ये उचलला जातो. डावीकडून, उजवीकडून आलटून पालटून कापा आणि ओंडक्याला पाचरा घट्ट मारा. फळ्या निघाल्या की त्याच दिवशी टोकांना रंग लावा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा, वर वजन ठेवा. इंचाच्या फळीला वर्षभर धरून चाला, आपला पाऊस बघता घाई नको.

आणि यंत्र घ्यायच्या आधी वनखात्यात जा. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ते येतं का, वाहतूक पास लागतो का, हे विचारा. १९९६ च्या, जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून सॉ मिलचे परवाने कडक झालेत, २०१६ साली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आली. यंत्र फिरतं आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका, जे काही असेल ते लेखी घ्या.

पात्याचं टेन्शन, म्हणजे हातोडीनं ठोकून पात्यात योग्य ताण आणायचं काम, राहूनच गेलं. ते प्रश्नोत्तरात घेऊ. पातं आणि हातोडी दोन्ही बरोबर आणलंय, फिटर मंडळींनी पुढच्या खुर्च्यांवर यावं.