ठशातून उमटलेले धुरंधर

[दृश्य: कानबाईची स्थापना, बाजूला जुन्या पुस्तकाचं उघडं पान]

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. याच श्रावणातल्या आपल्या कहाण्या किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या पुस्तकात इंग्रजीत आणल्या. त्यात पहिली आली ती आदितवारची कहाणी. चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधर यांची.

आटपाट नगर कुठल्याच नकाशात नाही. ते डोळ्यांपुढे उभं करायचं काम धुरंधरांकडे आलं, आणि त्यासाठी त्यांच्याइतका योग्य माणूस तेव्हा मुंबईत दुसरा नसावा. निऱ्या कुठे खोचल्या, काष्टा कसा वळला, पदर कोणत्या खांद्यावरून आला, हे त्यांच्या चित्रात नेमकं असतं. लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून बाई कोणत्या समाजातली, हे ओळखू येतं.

[दृश्य: जे. जे. स्कूल ऑफ आर्टची इमारत]

जन्म 18 मार्च 1867, कोल्हापूर. 1890 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश. तेव्हाचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स. आपल्या जळगावच्या वेशीपलीकडच्या अजिंठ्यातल्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेणारे तेच. 1895 मध्ये धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढे जे. जे.मध्येच शिक्षक, आणि 1931 च्या निवृत्तीआधी काही काळ प्रभारी संचालक. 1944 मध्ये निधन.

नोकरी सांभाळून त्यांनी छापखान्यासाठी जे काम केलं, ते थक्क करणारं आहे. ‘मासिक मनोरंजन’साठी चित्रं, पोस्टकार्डं, मुंबईच्या गल्लीबोळांवरचं एडवर्ड्स यांचं पुस्तक, 1920 चं ‘विमेन ऑफ इंडिया’. कोल्हापूर-मुंबईची ही चित्रकला पोस्टाने लांबच्या गावांत पोचत होती. आपल्या खानदेशात तर चाळीसगाव-धुळे रेल्वेफाटा 1900 सालीच सुरू झाला होता.

[दृश्य: भिंगाखाली छापील चित्र]

आता भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. ठिपके सरळ रांगेत दिसले तर तो हाफटोन ब्लॉक, म्हणजे छटांचे ठिपके करून बनवलेला धातूचा ठसा. ठिपके विस्कटलेले, रवाळ दिसले तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र.

रेघांच्या चित्राचा ठसा जस्ताचा. त्यासाठी शाई गडद काळीच लागे. पाणी घातलेली करडी रेघ कॅमेऱ्यात तुटायची. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढायची पद्धत होती, कारण लहान करताना हाताचा थरकाप झाकला जातो. पण त्याच वेळी जवळजवळच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि सावलीच्या जागी काळा डाग पडतो. म्हणून ब्लॉकसाठी काढणाऱ्याला रेघांमध्ये मोकळी जागा आधीच सोडावी लागे.

जलरंगातल्या छटांसाठी तांब्याचा हाफटोन. कॅमेऱ्यात काचेची जाळी असे, तिच्यातून चित्राचे ठिपके होत. साध्या वर्तमानपत्री कागदाला इंचाला साठ-पासष्ट रेघांची जाळी पुरे. गुळगुळीत आर्ट पेपरला एकशेतेहतीसपर्यंत चाले. बारीक जाळीचा ठसा खरखरीत कागदावर छापला की ठिपक्यांमधली जागा शाईने भरते आणि चेहरा गढूळ होतो. आपण चित्रकाराला दोष देतो. चूक कागदाची असते.

रंगीत चित्राला तीन ठसे: आधी पिवळा, मग लाल, शेवटी निळा. प्रत्येक रंग वाळू द्यायचा. मधल्या काळात पावसाळी हवेने कागद जरासा फुगला, तर पुढचा ठसा नेमका बसत नाही. मग लाली ओठांबाहेर सांडते, लुगड्याच्या काठाला दुसरी कड दिसते. हे बघितल्याशिवाय धुरंधरांच्या रंगांबद्दल मत बनवू नये.

[दृश्य: फडताळातली बांधीव मासिकं]

खानदेशातल्या जुन्या घरांत असे अंक अजून सापडतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा स्वस्त कागद कडांनी मोडतो. पान कोपऱ्याने नाही, खालून तळवा घालून उलटा. पावसाळ्यात भीती वेगळी: आर्ट पेपरवरचा मातीचा लेप ओला झाला की दोन पानं कायमची चिकटतात. अशी पानं ओढायची नाहीत. भिजलेला अंक लगेच उघडा आणि पानांमध्ये टिपकागद घाला. फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, वाळवी भिंतीतूनच येते. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. उन्हात टांगलेल्या चित्रातला लाल आधी उडतो, मागे निळसर बाई उरते. तिला तशीच फिकट काढली होती, असा समज मग घरभर पसरतो.

स्कॅन 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांवर करा. कमी केलं तर ठिपक्यांची आणि स्कॅनरची जाळी एकमेकींत अडकून लाटा दिसतात. सरकलेला रंग मूळ फाइलमध्ये दुरुस्त करू नका, त्यासाठी दुसरी प्रत ठेवा. फाइलच्या नावात मासिक, महिना, साल आणि पान घाला. चित्र अंकातून सुटं झालं असेल तर मागच्या बाजूचाही स्कॅन घ्या. तिथल्या मजकुरावरून अंक ओळखता येतो.