बॉनेट लांब नाहीये हो, चाक पुढे आहे!

नमस्कार मंडळी! जुन्या गाड्यांचा व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न ठरलेला, "या गाड्या एवढ्या भारी का दिसतात?" आणि त्याच्याखाली कुणीतरी लगेच ठोकून देतं, "बॉनेट लांब असायचं ना भाऊ." अहो असायचं, पण मुद्दा तो नाहीये! आज तेवढ्यावरच बोलतो.

बेसिक पटकन उरकू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस, चाकांच्या पुढे-मागे बॉडी जेवढी बाहेर येते तो ओव्हरहँग, आणि चाक गाडीच्या उंचीच्या साधारण निम्मं असलं की नजरेला बरं वाटतं. झालं.

आता नीट बघा. पुढच्या चाकाचा मध्य आणि पुढच्या दाराची पुढची कड, या दोघांच्या मधली जागा. गाडीचा सगळा तोरा इथे आहे. या जुन्या गाड्यांत इंजिन लांबीत बसवलेलं आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून पुढचं चाक पार नाकाशी जातं, माणसं मागे सरकतात आणि गाडी उभी असली तरी झेप घ्यायच्या तयारीत वाटते.

मी शाळेत वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढायचो, त्यात चाक दाराला चिकटवायचो आणि मग स्पोर्ट्स कार वाटावी म्हणून बॉनेट ओढत ओढत पार समासाच्या बाहेर न्यायचो. तरी ती गाडी काही पळेना! नुसतं नाक लोंबतंय. कारण वाढवत होतो तो ओव्हरहँग, चाक होतं तिथेच. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, त्यामुळे कमेंटवाल्यांवर फार चिडत नाही. थोडासाच चिडतो.

बरं, माझी वही सोडा, जॅग्वारची ई-टाइप स्पोर्ट्स कार घ्या. १९६१ ला आली, व्हीलबेस ९६ इंच. मग १९६६ ला मागे दोन छोट्या सीट बसवायच्या म्हणून टू प्लस टू काढली, व्हीलबेस ९ इंच वाढवला, छप्पर साधारण २ इंच वर, दारंही लांब. बॉनेट? तेच ते लांबलचक. चाक ते दार अंतरही जवळपास तेच, पण त्याच्या मागचा भाग वाढला ना, मग पुढचं अंतर त्याच्यासमोर कमी वाटायला लागलं. मला तरी ती गाडी पोटभर जेवून उठल्यासारखी दिसते. आवडणारे शिव्या घालतील, घाला. पण बॉनेटच सगळं करत असतं तर दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या की नाही?

आता एक दर्शक म्हणतात, "फ्रंट व्हील ड्राइव्ह आलं आणि गाड्यांची वाट लागली." म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना. अर्धं खरं. इंजिन आडवं बसवलं की चाक दाराजवळ येतं, हे बरोबर. पण सिट्रोएनची ट्रॅक्सिओन आव्हाँ बघा, १९३४ ची, फ्रंट व्हील ड्राइव्हच, तरी रुबाब केवढा! कारण गिअरबॉक्स इंजिनच्या पुढे ठेवला, इंजिन मागे गेलं, चाक पुढे राहिलं. परत तेच, चाक कुठे आहे!

आणि लगेच "मग मिनी का छान दिसते?" असं लिहू नका, सांगतो. १९५९ ची मिनी, इंजिन आडवं, लांबी जेमतेम १० फूट, चाकं फक्त १० इंची. तिथे ते अंतर नाहीच्चे, पण चारही चाकं चार कोपऱ्यांत आहेत आणि बाहेर लोंबत काहीच नाही. तिने रुबाब मारायचा प्रयत्नच केला नाही, म्हणून गोड दिसते. आता अशा गाडीला कुणी मोठ्ठाली अलॉय चाकं लावतं तेव्हा मला कसंतरीच होतं, लहान पोराला बापाचे बूट घातल्यासारखं... असो, त्यावर वेगळा व्हिडिओ लागेल.

घरी करून बघा. गाडीचा अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या आणि पुढच्या चाकाच्या पुढचं सगळं अंगठ्याने झाका. तरीही नाक लांब वाटतंय? मग ते खरं लांब आहे. झाकल्यावर गाडी एकदम बुटकी झाली तर तुम्ही नुसत्या ओव्हरहँगवर भाळला होतात. आणि फोटो स्वतः काढणार असाल तर लांब उभे राहून झूम करा, कोपऱ्याजवळ जाऊन मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलात तर कुठल्याही डबड्याचं नाक वाढतं आणि मग परत तीच कमेंट येते.