वंशावळीचं पान

श्रोतेहो, नमस्कार.

घराण्याच्या जाडजूड कादंबरीत सुरुवातीला बरेचदा वंशावळ छापलेली असते. लोकलमध्ये उभ्यानं वाचताना त्या पानात एक बोट अडकवूनच ठेवावं लागतं, कारण नावं फिरून फिरून तीच. कोलंबियन लेखक मार्केझच्या १९६७च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये तर सात पिढ्या ऑरेलियानो आणि होसे आर्कादिओ.

आपल्याला कसलं आलंय नवल! गिरगावातल्या आमच्या चाळीत थोरल्या भावाला आजोबांचंच नाव ठेवलं. पण सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं कसं? आई त्याला अजून ‘बापू’च म्हणते. चिडली की मात्र, ‘अगदी त्यांच्यावर गेलायस!’ हे ‘त्यांच्यावर’ कुणावर, ते आख्ख्या मजल्याला कळायचं.

अशा कादंबऱ्यांत घराण्याचा पीळ पहिल्यांदा ओळखते ती बहुधा लग्न होऊन आलेली बाई, असं मला वाटतं. मार्केझची उर्सुला, घराण्याच्या मूळ पुरुषाची बायको, तशी नवऱ्याची नातलगच, पण नजर सुनेची. ऑरेलियानो घुमे, होसे आर्कादिओ धसमुसळे, हे तिनं हेरलेलं. जुळ्या पणतवंडांत हिशेब उलटा लागतो, तेव्हा लहानपणी यांची अदलाबदल झाली की काय, ही शंकाही तिचीच. पुरुष बिचारे आपण काही नवं करतोय या समजुतीत.

अशा कादंबऱ्यांची दुसरी वाट उतरणीची. एकानं कमवायचं, दुसऱ्यानं राखायचं, तिसऱ्याच्या हातून निसटायचं. आपल्याकडे बेस्टमध्ये नोकरी केलेल्या श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’मध्ये कोकणातल्या जगबुडी नदीकाठच्या चार पिढ्या दोन खंडांत मांडल्या. जर्मन लेखक थॉमस मानच्या १९०१च्या ‘बुडनब्रुक्स’मध्ये धान्य व्यापाऱ्याच्या घरातला छोटा हानो घराण्याच्या नोंदवहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ ओढतो. बाप खवळतो. पोरगं चाचरत सांगतं, मला वाटलं, पुढे आता काही यायचं नाही. त्या रेघेपाशी मी पुस्तक मिटलं होतं, आणि चर्नी रोड मागे पडलं.

मध्यंतरी आमची चाळ पुनर्विकासाला निघाली, तेव्हा खोलीच्या कागदांसाठी वारसांचा तक्ता करायचा होता. बापू पेन घेऊन बसला. आत्या, चुलते, लहानपणीच गेलेली दोन मुलं, आई भाजी निवडत भराभर सांगत गेली. सगळ्यात वरचा चौकोन तेवढा रिकामा राहिला.

ती म्हणाली, “तिथं तुझंच नाव लिही.”