वसुलीच्या वाटेवरचं गाव

[पडद्यावर: राखाडी-पांढरं आकाश. गिरणी सुटलीय. माणसांचा लोंढा.]

लांबून पाहिलं तर मुंग्या. जरा जवळ जाऊ. आता पाठीतला बाक दिसतो, घराकडे वळलेली पावलं दिसतात. पण सावली कुणाचीच नाही. या चित्रकारानं माणसांना सावल्या दिल्याच नाहीत.

चित्र 1930 चं, 'कमिंग फ्रॉम द मिल'. चित्रकार एल. एस. लाउरी. (लाउरीच. लॉरी म्हटलं की आपल्याला ट्रक आठवतो.) आणि गाव सॅल्फर्ड. इंग्लंडच्या उत्तरेला, मँचेस्टरला खेटून. मध्ये काय ती अर्वेल नदी.

सॅल्फर्डचं नाव फार आधीपासून वाईट. कार्ल मार्क्सचा साथीदार फ्रेडरिक एंगल्स, त्यानं 1845 च्या पुस्तकात इथल्या कामगारवस्तीतली घाण आणि दाटी लिहून ठेवली. खोटं नव्हतं त्यात काही. पण पुढं बाहेरच्यांनी गाव तेवढंच धरलं: धूर, काजळी, दैन्य.

[पडद्यावर: धुराडी, विटांच्या घरांच्या रांगा.]

लाउरीचंही आधी तेच मत होतं. जन्म 1887 चा, मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्डचा. वाढला झाडी असलेल्या, बऱ्यापैकी वस्तीत. घरची ओढाताण झाली आणि 1909 मध्ये बिऱ्हाड पेंडलबरीला आलं, सॅल्फर्डला लागूनच. आजूबाजूला कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी. त्याला ते गाव मुळीच आवडलं नाही, कितीतरी वर्षं.

मग 1916 ची ती गोष्ट. पेंडलबरी स्टेशनवर त्याची गाडी चुकली. बाहेर येतो तर समोर ॲक्मे गिरणी सुटत होती. दिवे लागलेल्या पिवळ्या खिडक्या, वर संध्याकाळचं आकाश, खाली शेकडो माणसं. रोजचंच दृश्य, त्या दिवशी डोळ्यांत शिरलं. ही गोष्ट तो रंगवून सांगायचा. मला विचाराल तर गाव त्याला कळलं ते चुकलेल्या गाडीमुळे कमी आणि नोकरीमुळे जास्त.

नोकरी होती भाडेवसुलीची. 1910 पासून 1952 पर्यंत, एकाच कंपनीत. वही घेऊन दारोदार फिरायचं. भाडं मागणाऱ्याला उंबऱ्यावरूनच बरंच कळतं: कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोण घरात असून दार उघडत नाही. संध्याकाळी कलाशाळेचे वर्ग. घरी परतल्यावर, 1932 नंतर अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा. ती झोपली की रात्री दहाला ब्रश हातात, ते दोन-तीन वाजेपर्यंत. आईला ती चित्रं कधी फारशी रुचली नाहीत.

[पडद्यावर: रंगांची पाटी, फक्त पाच रंग.]

रंग पाचच. आयव्हरी ब्लॅक (काळा), व्हर्मिलियन (लाल), प्रशियन ब्लू (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि फ्लेक व्हाइट (पांढरा). सुरुवातीची चित्रं काळवंडलेली होती. बर्नार्ड टेलर नावाच्या समीक्षकानं सांगितलं, माणसं मागच्या अंधारात बुडतायत. लाउरी चिडला, आणि त्या तिरीमिरीत सगळी पार्श्वभूमी पांढरी करून चित्रं घेऊन आला. टेलर म्हणाला, हेच हवं होतं! काजळीचं म्हणून ओळखलं जाणारं गाव असं पांढऱ्यावर उभं राहिलं. लाउरीनं पुढं एका फळीवर पांढऱ्याचे थरावर थर दिले आणि ती काही वर्षं नुसती ठेवून दिली. पांढरा मलईसारखा, किंचित राखाडी झाला. त्याला हवा होता तो हाच रंग. म्हणजे चित्रं पुढं कशी मुरतील, याचा हिशेब आधीच केलेला.

टीकाकार मात्र 'काडीपेटीतल्या काड्यांची माणसं' म्हणून मोकळे झाले. त्यांनी 1926 चं 'ॲन ॲक्सिडेंट' निवांत पाहायला हवं होतं.

[पडद्यावर: पाठमोरी गर्दी. कॅमेरा हळूहळू सरकतो.]

पेंडलबरीत एक बाई पाण्यात बुडून गेली, त्यावरून हे चित्र सुचलं. पण आपल्याला दिसते ती बघ्यांची गर्दी. अशा वेळी माणसं पुढंही होत नाहीत आणि निघूनही जात नाहीत. ते जागच्या जागी घुटमळणं या 'काड्यां'च्या उभं राहण्यात जसंच्या तसं आहे. 1930 मध्ये मँचेस्टरच्या कलादालनानं हे चित्र विकत घेतलं.

लंडनमधलं पहिलं एकल प्रदर्शन 1939 मध्ये झालं. त्याच वर्षी आई गेली. पुढं 1968 मध्ये 'सर' हा किताब देऊ केला गेला, तो त्यानं नाकारला. नोकरीचं मात्र कोणाला कळू दिलं नाही. लोक आपल्याला रविवारचा हौशी चित्रकार समजतील, ही धास्ती.

[पडद्यावर: शेवटचं चित्र, 1957.]

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी काढलेलं हे चित्र, 'मॅन लाइंग ऑन अ वॉल'. विटांच्या भिंतीवर एक गृहस्थ चक्क आडवा झालाय. तोंडात सिगारेट, पोटावर हॅट. छत्री आणि ब्रीफकेस भिंतीला टेकवून ठेवलीय.

ब्रीफकेसवरची अक्षरं वाचा: एल. एस. एल.