अठ्ठाविसावा बॅटर

(पडद्यावर: डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क. स्कोअरबोर्डवर क्लीव्हलंडच्या रांगेत नुसती शून्यं.)

2 जून 2010. बेसबॉलचा सामना. डेट्रॉइट टायगर्सकडून अरमांडो गालारागा पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, करतोय. मूळचा व्हेनेझुएलाचा, वय 28. मे महिन्यात टोलेडोच्या दुय्यम संघातून त्याला वर बोलावलंय, तेवढीच त्याची ओळख.

आठ डाव झालेत आणि क्लीव्हलंडचा एकही बॅटर पहिल्या बेसवर, म्हणजे धाव काढताना शिवायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला नाही. नऊ डाव, प्रत्येकी तीन बाद, असे 27 जण ओळीने परत पाठवले, एकालाही बेस मिळू दिला नाही, की त्याला परफेक्ट गेम म्हणतात. तोवरच्या 130 वर्षांत असे सामने झाले होते फक्त 20.

नववा डाव. पहिलाच बॅटर मार्क ग्रुडझिलानेक चेंडू पार खोलवर मारतो. ऑस्टिन जॅक्सन बॅटरकडे पाठ करून जीव खाऊन पळतो आणि डोक्यावरून येणारा चेंडू ग्लोव्हमध्ये घेतो. असा झेल बसला की स्टेडियमला वाटायला लागतं, आज काही चुकत नाही. त्यानंतर आणखी एक बाद. 26 झाले.

सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. चेंडू जमिनीवरून पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे. पहिल्या बेसचा मिगेल काब्रेरा जागा सोडून उजवीकडे झेपावतो, चेंडू उचलतो. त्याचा बेस सांभाळायला खुद्द पिचर धावत आलाय. फेक, ग्लोव्ह, बेसवर पाय. डोनाल्ड अजून मागे आहे.

पंच जिम जॉइस दोन्ही हात आडवे पसरतात. सेफ, म्हणजे नाबाद.

(पडद्यावर: तोच क्षण, संथ गतीनं. निवेदन थांबतं.)

यात वाद घालण्यासारखं काही नाही. डोनाल्ड बाद होता.

आता पंचाच्या जागी उभं राहून बघा. पहिल्या बेसवरचा पंच एका वेळी दोन गोष्टी पाहू शकत नाही. म्हणून तो नजर बेसवर, पळणाऱ्याच्या पायावर ठेवतो आणि चेंडू कानानं टिपतो. ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज आधी, की पाय पडलेला आधी? बहुतेक वेळा हे जमतं. पण हजारो लोक उभे राहून ओरडत असताना जॉइसना नेमकं काय ऐकू आलं असेल, कोण जाणे. त्यांची वीसहून जास्त वर्षं यातच गेली होती, त्यामुळे नवखेपणा म्हणून सोडूनही देता येत नाही.

गालारागा चिडला नाही. हसला, आणि परत जाऊन पुढच्या बॅटरला, ट्रेव्हर क्रोला, बाद केलं. सामना डेट्रॉइटनं 3-0 जिंकला. जॉइसनी आत जाऊन चित्रण पाहिलं आणि पत्रकारांसमोर सरळ कबूल केलं, त्या पोराचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. दुसऱ्या दिवशी तेच मुख्य पंच. संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला टायगर्सचे मॅनेजर जिम लेलँड यांनी मुद्दाम गालारागाला पाठवलं. जॉइस डोळे पुसत होते.

अमेरिकेत या सामन्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. मन मोठं, खेळ मोठा वगैरे. जनरल मोटर्सनं गालारागाला एक कॉर्व्हेट गाडीही दिली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. पंच म्हणतात चुकलं, चित्रण म्हणतं चुकलं, मग निर्णय बदलायचा का नाही?

बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बड सीलिग यांनी मान्य केलं की सामना वेगळ्या तऱ्हेनं संपायला हवा होता. निकाल मात्र तसाच ठेवला. भीती अशी की एक दार उघडलं, की मागची सगळी भुतं रांगेत उभी राहतील.

त्या रांगेत पहिला नंबर कुणाचा, हे कुठलाही जाणकार सांगेल. 1985 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, सहावा सामना. सेंट लुईस कार्डिनल्स 1-0 नं पुढे, विजेतेपदाला तीन बाद हवेत. पंच डॉन डेंकिंजर यांनी कॅन्सस सिटीच्या होर्हे ओर्टाला पहिल्या बेसवर सेफ दिलं. तो सरळ सरळ बाद होता. कॅन्सस सिटीनं तो सामना 2-1 नं काढला आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामना 11-0 नं.

हा निर्णय आज फिरवायचा म्हटलं तर काय कराल? ओर्टा बाद धरला, तरी पुढे कोण काय खेळलं असतं हे कुणी सांगायचं? आणखी दोन बाद घ्यायचे बाकी होते. तिथे निर्णय फिरवणं म्हणजे घरी बसून उरलेला सामना कल्पनेत खेळणं.

पण झालेला निर्णय बेसबॉलनं कधीच फिरवला नाही, असं मात्र नाही.

(पडद्यावर: यांकी स्टेडियम, 1983. डांबरासारखं काहीतरी फासलेली एक बॅट.)

24 जुलै 1983. न्यूयॉर्क यांकीज 4-3 नं पुढे. नवव्या डावात कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटनं दोन धावांचा होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा फटका, मारला आणि संघाला पुढे नेलं. तेवढ्यात यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आले. तक्रार काय, तर ब्रेटच्या बॅटला राळ जास्त लागलीय! पकड घट्ट बसावी म्हणून पाइनच्या झाडाची चिकट राळ बॅटला फासतात, ती मुठीकडच्या टोकापासून 18 इंचांच्या वर नको, असा नियम होता. पंच टिम मॅक्लेलँड यांनी बॅटरच्या पुढ्यात जमिनीत बसवलेल्या 17 इंच रुंदीच्या पाटीवर, होम प्लेटवर, बॅट आडवी ठेवून मोजली आणि ब्रेटला बाद दिलं. सामना संपला. ब्रेट डगआउटमधून, खेळाडूंच्या बसायच्या जागेतून, असा काही धावून आला की त्याला आवरायला माणसं लागली.

लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी कॅन्सस सिटीची हरकत मान्य केली. राळ जास्त असेल तर बॅट बाजूला काढा, होमरन कशाला काढता? 18 ऑगस्टला सामना त्याच क्षणापासून पुढे सुरू झाला आणि कॅन्सस सिटीनं तो 5-4 नं जिंकला. मार्टिन तरीही हटेनात. ब्रेटनं पळताना सगळे बेस शिवले नव्हते, असा त्यांचा नवा दावा. त्या दिवशीचे पंच वेगळे होते, त्यांना काय माहीत? पण मुख्य पंच डेव्ह फिलिप्स यांनी खिशातून प्रतिज्ञापत्र काढलं, सगळे बेस शिवले होते म्हणून. तक्रार येणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

इथे नियमाचा अर्थ चुकला होता, डोळ्यांची चूक नव्हती. मॅकफेलना हात घालता आला तो त्यामुळे. फरक खरा आहे. पण दुसरी बाजूही बघा: ब्रेटच्या निर्णयानंतर काहीच खेळलं गेलं नव्हतं, म्हणून अंदाज बांधायची वेळच आली नाही.

गालारागाच्या सामन्यात तर अंदाजाची गरजच नाही. डोनाल्ड बाद, की सामना तिथेच खलास. जिंकणारा तोच, हरणारा तोच. क्रिकेटमध्ये 2006 च्या ओव्हल कसोटीचा निकालच 2008 मध्ये इंग्लंडच्या विजयावरून अनिर्णित केला आणि 2009 मध्ये पुन्हा होता तसा केला. तसला घोळ इथे होण्यासारखा नव्हता.

आणि नोंदवही पवित्र असते म्हणाल, तर हार्वी हॅडिक्सचं काय? 1959 मध्ये त्यानं 12 डाव एकालाही बेसवर येऊ दिलं नाही, तेराव्यात सामना गेला. 1991 मध्ये बेसबॉलनं परफेक्ट गेमची व्याख्या बदलली आणि 32 वर्षांनी त्याचं नाव यादीतून काढलं. काढायला हात लावता येतो, घालायला नाही, हे काही पटत नाही.

2014 पासून असे निर्णय न्यूयॉर्कच्या केंद्रात चित्रण बघून तपासले जातात. आज हाच चेंडू पडला तर निर्णय तिथल्या तिथे फिरेल. गालारागाच्या बाबतीत बदल करायचा तो स्कोअरबुकातल्या दोन नोंदींचा. डोनाल्डच्या नावापुढची हिट, म्हणजे फटक्यानं मिळवलेला बेस, खोडून तिथे 3-1, म्हणजे पहिल्या बेसच्या खेळाडूकडून पिचरकडे चेंडू आणि बाद. आणि त्यानंतरची ट्रेव्हर क्रोची नोंद, ती सबंध काढून टाकायची.